खिरीत शुगर फ्री नको

गेल्या वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या खीरदानाची तयारी करायला विहारात महिला मंडळाची बैठक बसली होती. दूध कोण देणार, तांदूळ कोण, मोठी पातेली कुणाच्या घरून आणायची, सगळं ठरलं. साखरेवर आलो आणि गाडी अडली. वस्तीतल्या एका भावाचा निरोप होता, यंदा खीर शुगर फ्रीची करा, पावडरीचे डबे माझ्याकडून दान. घराघरात शुगरचा पेशंट आहे, एक दिवस तरी सगळ्यांना पोटभर खाऊ द्या. हेतू चांगलाच होता. निम्म्या जणींनी माना डोलावल्या. आम्ही नको म्हणालो. त्यावर एक मावशी फटकन म्हणाल्या, "सिस्टर, बारा महिने तुम्हीच साखर कमी करा म्हणून मागं लागता, आन् आता कुणी कमी करायलंय तर तुम्हीच नको म्हणता?" मावशींचा सवाल रास्त होता. बैठकीत त्याचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून ते इथे सविस्तर देतो.

आम्ही म्हणजे विहारात महिन्यातून एका रविवारी शुगर-बीपी तपासणाऱ्या बाया. एकीनं नर्सिंगचा डिप्लोमा करून पुष्कळ वर्षं वॉर्डात काढली, एक आशाताई आहे, बाकीच्या लिहून घेणाऱ्या, रांग लावणाऱ्या. त्या टेबलावर बसून जे दिसलं, त्यातूनच आमचं मत झालं आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. आपल्याकडे मधुमेहाला शुगर म्हणतात आणि त्याच्या औषधाला शुगरची गोळी. मेडिकलवर चहात टाकायची जी बारीक पांढरी गोळी मिळते, तिला म्हणतात शुगर फ्रीची गोळी. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही मेडिकलवरच मिळतात, आणि नावात दोन्हीकडे शुगर. मिस्त्रीकाम करणारे एक मामा आमच्याकडे आले तेव्हा उपाशीपोटी शुगर ३१२ निघाली. औषध चालू आहे का विचारलं, तर खिशातून डबी काढून दाखवली. "हाये की, रोज चार घेतो, चहातूनच." सरकारी दवाखान्यातल्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या त्यांनी दोन महिन्यांपासून बंद केल्या होत्या, कारण पोटात गुडगुड होत होतं आणि ही नवी गोळी गोड लागत होती. मामा अडाणी नाहीत. बांधकामाचा हिशोब तोंडपाठ करतात. पण ही गोळी औषध नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा ते आधी सांगतो. गोडव्याची गोळी रक्तातली शुगर कमी करत नाही. एक गोळी साधारण एक चमचा साखरेइतका गोडवा देते, एवढंच तिचं काम. साखर टाकली असती तर शुगर जेवढी वाढली असती, तेवढी वाढत नाही. आधीच वाढलेली खाली आणायला औषध, चालणं आणि ताटातला बदल हेच लागतं. मेटफॉर्मिननं पोट बिघडत असेल तर ती जेवणासोबत घ्यायची असते. तरी त्रास झाला तर डॉक्टर डोस बदलून देतात. मनानं बंद करायची नाही.

आता ही गोळी कशाची असते ते. सगळ्यात जुनं सॅकरीन. १८७९ मध्ये अमेरिकेत कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाच्या रसायनतज्ज्ञाला ते सापडलं. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या पदार्थांवर काम करून तो घरी गेला, जेवताना हाताला गोड चव लागली, तिथून शोध. साखरेपेक्षा तीनशे-चारशे पट गोड. त्यानंतरचं अस्पार्टेम १९६५ चं, साधारण दोनशे पट गोड. हे उकळलं की गोडवा घटतो, म्हणून चहा गाळल्यावर वरून टाकायचं असतं. आणि हल्ली सगळ्यात जास्त खपतं ते सुक्रालोज, सहाशे पट गोड. ते चक्क साखरेपासूनच बनतं. साखरेच्या रेणूत तीन ठिकाणी क्लोरीन बसवलं की शरीर तिला ओळखत नाही आणि बहुतेक भाग तसाच बाहेर टाकतं. याच्या शोधात एक भारतीय नाव आहे, शशिकांत फडणीस. १९७६ मध्ये ते लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हॉफ यांच्याकडे संशोधन करत होते. तयार झालेला पदार्थ तपासून बघ असं त्यांना इंग्रजीत सांगितलं गेलं, त्यांनी चाखून बघ असं ऐकलं, आणि जिभेवर ठेवलं. मराठीत तर आपण दोन्ही शब्द टेस्ट असेच लिहितो, म्हणजे आपला घोटाळा कायमचाच.

आमच्या वस्त्यांत मात्र हा गोडवा मेडिकलच्या आधी पानटपरीवरून आला. पानमसाला, गोड सुपारी यांच्या पुड्यांत सॅकरीन घालायला कायद्याची मुभा आहे. जिंतूर रोडला असो की गंगाखेडला, शाळेतून येणारं लेकरू एक रुपयाची गोड सुपारी चघळत येतं, त्यात काय आहे हे कुणी वाचत नाही. वाचायचं असेल तर मागच्या बाजूला आकडे असतात. ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम, ९५१ अस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज. थंड पेयांच्या बाटल्यांवरही बघा, काहींत साखरही असते आणि हे आकडेही असतात. गोडव्याच्या डब्यावर तर लहान मुलांसाठी शिफारस नाही असं छापलेलंच असतं. खीरदानाच्या रांगेत पुढं कोण उभं असतं? लेकरंच. आमचं पहिलं नको तिथून आलं.

दुसरं कारण मोठ्यांसाठी. १५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला किंवा मधुमेह, हृदयविकार टाळायला म्हणून असे बिनसाखरेचे गोडवे वापरू नयेत. थोड्या दिवसांत वजन जरा उतरतं, पण लांब पल्ल्यात फायदा दिसत नाही. उलट वर्षानुवर्षं ते घेणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. ते गोडव्यामुळेच झाले, की मुळात ज्यांना धोका होता तेच लोक हे जास्त घेतात म्हणून तसं दिसलं, हे अजून पक्कं नाही. म्हणून संघटनेनं ही शिफारस सशर्त ठेवली आहे. आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, अस्पार्टेमनं कॅन्सर होतो अशा बातम्या मोबाइलवर फिरल्या. खरं एवढंच होतं की कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ते 'कदाचित' या गटात टाकलं, पुरावा कमी आहे असं सांगून. रोजची मर्यादा मात्र बदलली नाही, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. चहातल्या दोन गोळ्यांनी माणूस त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. तेव्हा घाबरवायचा आमचा इरादा नाही. ज्याला शुगर आहे आणि चहा गोडच लागतो, त्यानं दिवसाला दोन-तीन गोळ्या घेतल्या तर आम्ही त्याला रागावत नाही. गरोदर बाईनं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग शुगरच्या पेशंटला फायदा किती? चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशननं आपल्यासारख्याच चहा-कॉफीवाल्या मधुमेही लोकांवर बारा आठवड्यांचा अभ्यास केला. काहींना कपात साखरेऐवजी सुक्रालोज, काहींना नेहमीची साखर. शेवटी वजन आणि कंबर थोडी उतरली, पण तीन महिन्यांच्या शुगरच्या तपासणीत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. आम्हाला यात नवल वाटलं नाही. आमच्या टेबलावर येणारी माणसं चहात गोळी टाकतात आणि दुपारी रेशनच्या तांदळाचा डोंगर खातात, सोबत पातळ वरण. भातही पोटात गेल्यावर साखरच होतो. डबीमुळे जिवाला वाटतं, आपण पथ्य पाळलं. मग 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटं येतात, ज्यात मैदा तसाच असतो. मग गूळ येतो. गुळाबद्दल तर आमच्या बायकांशी भांडण ठरलेलं. गुळात थोडं लोह असेल, पण तोही उसाचाच, आणि रक्तातली शुगर तो साखरेसारखीच वाढवतो. गुळाचा चहा म्हणजे पथ्य नव्हे.

इथं एक गोष्ट आम्हाला डॉक्टर लोकांनाही सांगायची आहे. 'गोड बंद करा' एवढं चिठ्ठीवर लिहून भागत नाही. सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहणारा माणूस तीन चमचे साखरेचा चहा आणि दोन टोस्ट यावर दुपार काढतो. सोनपेठ, पालम, गंगाखेडकडची माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडात जातात, पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधतात, तिथं चहा हाच नाश्ता. साखर हे दमलेल्या माणसाचं सगळ्यात स्वस्त इंधन आहे, एका ग्रॅमला चार कॅलरी. उसाच्या फडातल्या बाईला आपण साखर मोजून दाखवावी, हे बोलताना आमचीच जीभ अडखळते. तिच्या बाबतीत मूळ प्रश्न वेळेवर भाकरी-कालवण न मिळण्याचा आहे. तिच्या कपातली साखर काढून गोळी टाकली तर तिच्या पोटात उलट काहीच जाणार नाही. म्हणून ज्याच्या अंगमेहनतीला अन्न पुरत नाही, त्याला आम्ही आधी अन्न वाढवायला सांगतो, साखरेचं नंतर.

पण वस्तीत राहून टपरी, रिक्षा, दुकान, ऑफिसची शिपाईगिरी करणारे, घरी बसलेले म्हातारे, आणि आम्ही स्वतः, आमची तेवढी मेहनत राहिलेली नाही आणि साखर मात्र तेवढीच आहे. २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा देशभरचा अभ्यास आला, त्यात मधुमेह असलेल्यांचा आकडा दहा कोटींच्या वर होता. हा शेठजींचा रोग आहे असं आमचे आजे म्हणायचे. आता तसं कुणी म्हणत नाही.

आपल्या घरचा हिशोब करायला डॉक्टर लागत नाही. महिन्याला साखर किती किलो येते ते घरातल्या बाईला पाठ असतं. पाच माणसांत पाच किलो येत असेल तर माणशी एक किलो, म्हणजे दिवसाला तेहेतीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम, म्हणजे साधारण सहा सपाट चमचे. पन्नासच्या वर तर जाऊच नये. आणि या तेहेतीसमध्ये बाहेरचा चहा, बिस्किट, लग्नातली जिलबी धरलेली नाही. नेहमीच्या कोलाच्या एका छोट्या बाटलीतच पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. हा हिशोब आम्ही विहारात फळ्यावर मांडला तेव्हा एक ताई गप्प झाल्या. त्यांच्याकडे चौघांत सहा किलो येत होती, पन्नास ग्रॅम माणशी.

कमी कशी करायची, तर गोळीनं नाही, चमच्यानं. तीन चमचे घेणाऱ्यानं पंधरा दिवस अडीच घ्यावे, मग दोन, मग दीड. जीभ शिकते. पहिले चार दिवस चहा पाणचट लागतो, दोन महिन्यांनी पूर्वीचा चहा पाक वाटतो. गोळीची अडचण इथंच आहे, जीभ होती तिथंच राहते. डबी संपली किंवा परवडेना, की माणूस परत तीन चमच्यांवर. पाली ग्रंथांत कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही. माप ओळखून जेवावं एवढी एक गाथा सांगितली. राजानं सुदस्सन नावाच्या मुलाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला बसवलं. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगानं हलका झाला. आमच्याकडे सुदस्सन ठेवायला पैसे नाहीत. पण घरातलं शाळकरी लेकरू आजोबांना "आबा, दुसरा चमचा झाला" म्हणू शकतं, आणि दोन घरांत ते म्हणतंही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शुगर आहे म्हणून घरातून साखर हद्दपार करू नका.

सेलूकडच्या एका घरातली ही गोष्ट. सुनेनं सासूच्या पथ्यासाठी घरात साखर आणणंच बंद केलं होतं, सगळ्यांचा चहा गोळीवर. सासूबाई इन्सुलिनवर. एका संध्याकाळी इन्सुलिन घेतलं, आणि पाव्हणे आले म्हणून जेवण लांबलं. बाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, असंबद्ध बोलायला लागल्या. सून हुशार. शुगर उतरली हे तिनं ओळखलं आणि पटकन गोड चहा करून पाजला. गोळीचा चहा. तो गोड होता, पण त्यात साखर नव्हती, आणि उतरलेली शुगर त्यानं एका अंशानंही वर येणार नव्हती. अर्ध्या तासात बाई बेशुद्ध. दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज गेल्यावर डोळे उघडले. त्या वाचल्या. सून मात्र कितीतरी दिवस आमच्यासमोर येईना. चूक तिची नव्हती. पथ्य सांगणाऱ्या कुणीच, आम्हीसुद्धा, तिला ही एक गोष्ट सांगितली नव्हती.

इन्सुलिन घेणाऱ्यांची आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची शुगर जेवण चुकलं की अशी उतरू शकते. घाम, थरथर, एकदम भूक, छातीत धडधड, चिडचिड, बरळणं या तिच्या खुणा. मशीन असेल तर बघा, ७० च्या खाली म्हणजे उतरली. मशीन नसेल तर वाट बघू नका. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे खरी साखर विरघळवून द्या. पंधरा मिनिटं थांबा, फरक नसेल तर परत तेवढीच द्या. बरं वाटलं की भाकरी किंवा पोळी खाऊ घाला, नाहीतर परत उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन लावा. गोळ्यांमुळे उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. आणि असा माणूस कामाला, गावाला निघाला की त्याच्या खिशात साखरेची पुडी असू द्या.

शुगर लपवण्याचीही आपल्याकडे सवय आहे. मुलीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून आई-बाप सांगत नाहीत, कामावरून काढतील म्हणून गडी सांगत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, सोबत रक्तदाब आणि पायांचं दुखणं होतं. १५ एप्रिल १९४८ ला त्यांचा विवाह झाला तो डॉक्टर असलेल्या माईंशी, आणि त्यांचं इन्सुलिन, आहार, विश्रांती माई बघत होत्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला गेला तो हे दुखणं सांभाळतच. ज्यांचा फोटो भिंतीवर आहे त्यांनाच हा आजार होता, मग आपण तो कुणापासून लपवायचा? तिशीच्या वरच्या प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते, नेहमीच्या गोळ्याही तिथं मिळतात. कधी संपलेल्या असतात, तेव्हा भांडावं लागतं. आम्ही भांडतो.

खिरीचं काय झालं ते राहिलं. पावडरीचे डबे आम्ही त्या भावाला परत केले आणि त्यांच्याकडून रक्त तपासायच्या पट्ट्या दान घेतल्या. त्यांनी राग मानला नाही. खीर साखरेचीच झाली, पण नेहमीच्या दोन तृतीयांश साखरेत, वेलदोडा जास्त घालून, आणि वाटी मोठ्या द्रोणाऐवजी छोटी. सुजातेनं दिलेली खीर उपाशी माणसाला होती, याची आठवण एका आजींनी करून दिली, तेव्हा छोट्या वाटीवरची कुरकुर थांबली. शुगरवाल्यांसाठी शेजारी मटकीची उसळ आणि ताक ठेवलं. त्यांनाही दोन चमचे खीर दिली, त्या दिवशीचा भात कमी करायला सांगून. गोळीवाले मिस्त्रीमामा रांगेत होते. उसळ खाल्ली, खीर चाखली, आणि पुन्हा रांगेत येऊन दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. वाढणारीनं नाही म्हटलं.

यंदा १४ एप्रिलच्या मिरवणुकीतल्या रंगीत सरबताच्या टाक्यांचा विषय आम्ही काढणार आहोत. एप्रिलच्या उन्हात परभणीत पाणी वाटणं हे मोठं काम आहे, पण त्या पाण्यात रंग आणि साखर कशाला. मठ्ठा देता येईल का, दूध डेअरीतून किती पडेल, हे विचारून ठेवलंय. तरुण मंडळाची पोरं ऐकतील की नाही ते त्या बैठकीतच कळेल.